छिंगयुनच्या हद्दीतली खोली

२३ फेब्रुवारी, शनिवार

ही वही निवृत्तीच्या दिवशी वर्गातल्या पोरांनी दिलेली. सात वर्षं कपाटात कोरी पडली होती. आज बाहेर काढली, कारण घरात जे चाललंय ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि घरातल्यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दुपारी जेवताना सुनेनं, तोंग लाननं, मिठातल्या बदकाची थाळी बाजूला सारून टेबलावर नानजिंगचा नकाशा पसरला. चांगल्या शाळांचा भाग तांबडा, मध्यमांचा पिवळा, बाकी राखाडी. आमचं घर राखाडीत. त्या राखाडीत पश्चिम कालवा प्राथमिक शाळा आहे, आणि तिथे मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. लानच्या फोनवर कुठली तरी यादी आहे, तिच्यात आमची शाळा त्रेचाळीसपैकी एकेचाळिसावी. मी विचारलं, खालच्या दोन कोणत्या? ती म्हणाली, एक बंद व्हायचीय आणि दुसरीचं छप्पर पडलंय.

नात मानमान सप्टेंबरात पहिलीत जाईल. ज्या शाळेच्या हद्दीत घर, त्याच शाळेत मूल, आणि एप्रिल संपायच्या आत मुलाचं नाव त्या घराच्या नोंदवहीत चढलेलं हवं. म्हणजे शाळा बदलायची तर घर बदला. छिंगयुन रस्ता शाळा यादीत दुसरी आहे. आमचं हे अठ्ठ्याऐंशी चौरस मीटरचं, गच्चीचं, दक्षिणेला तोंड असलेलं घर विकलं तर तिच्या हद्दीत एखादी काडेपेटी मिळेल. घर माझ्या नवऱ्याला रेडिओ कारखान्यानं दिलेलं, तो गेल्यावर माझ्या नावावर झालं. माझ्या सहीशिवाय यांचं पान हलत नाही. नाहीतर नकाशा दाखवायला मला कोण बोलावतंय?

मी सांगितलं, चांगलं मूल कुठेही शिकतं आणि ठोंब्याला राजवाड्यात बसवलं तरी ठोंब्याच. लान म्हणाली, आई, तुम्ही शाळेतल्या, तुम्हाला तरी कळायला हवं. म्हटलं, शाळेतली आहे म्हणूनच कळतं.

मुलगा पेई बदकाची हाडं बाजूला काढत बसला होता. पस्तिशीचा आहे, पालिकेत गटारांचे नकाशे काढतो, पण वादाच्या वेळी याच्या तोंडात मिठाची गुळणी. लहानपणी सहा वर्षं माझ्या दादाकडे होता, तेव्हापासूनची ही सवय. मला शाळेचं काम फार असे.

२७ फेब्रुवारी

लान चारशे आयांच्या एका गटात आहे. दिवसभर फोन टिंगटिंग वाजतो. कुणी घटस्फोट घेतलाय, नवऱ्याच्या नावावर एक आणि स्वतःच्या नावावर एक घर घेता यावं म्हणून. शाळा लागली की पुन्हा लग्न करणार म्हणे. त्या नवऱ्याला तोवर दुसरी भेटली तर पोराला शाळा मिळेल आणि बाप जाईल. कुणी नकाशावरची रेघ आपल्या स्वयंपाकघरातून जाते की न्हाणीघरातून, हे दाखवायला पालिकेत मोजणीदार नेलाय. एवढी डोकी एका जागी आणि अक्कल सगळ्यांनी गहाण टाकलेली.

आमच्या शाळेला या बाया ‘भाजीबाजारातली शाळा’ म्हणतात. बाजार आहेच शेजारी. पण कांद्याच्या पातीच्या वासात सात नव्वे त्रेसष्ट होत नाहीत असं कुठे लिहिलंय? माझ्या वर्गातून दोन डॉक्टर झाले. एक जनावरांचा आहे, पण डॉक्टरच की.

५ मार्च

लानच्या यादीवर माझा काडीचा विश्वास नाही. म्हटलं, तुलना करायची तर डोळ्यांनी करावी. कोळणीकडून ताणकाटा मागून घेतला आणि दोन दिवस दोन्ही शाळांच्या फाटकांवर शाळा सुटायच्या वेळी जाऊन उभी राहिले.

पश्चिम कालवा. पोरं फाटकातून पाणी सुटावं तशी बाहेर पडली. एकाचा बूट आतच राहिला, तो एका पायावर उड्या मारत परत गेला. एका मुलीचं दप्तर काट्याला लावलं, तीन किलो. ती म्हणाली, आजी, मी पण लटकू का?

छिंगयुन रस्ता. पोरं रांगेत आली, आवाज नाही. दप्तर साडेपाच किलो. ते आजोबांच्या पाठीवर आणि आजोबांच्या हातात व्हायोलिन. एक पोरगी उभ्या उभ्या झोपली होती आणि तिची आजी त्या झोपलेल्या तोंडात वाफाळलेला मोमो कोंबत होती, पुढच्या शिकवणीला उशीर होतोय म्हणून. मी काटा काढला तर चौकीदारानं हटकलं. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय.

त्यांच्या फाटकाशी फलक आहे. त्यावर गणिताच्या स्पर्धेत आलेल्यांची नावं आणि खाली प्रश्नसुद्धा लावले होते. चौथीला देतात म्हणे. शेवटचा प्रश्न बरा होता. बराच म्हणजे बरा होता. मी तिथेच उभ्यानं सोडवला आणि घरी येऊन पुन्हा एकदा सोडवला. आमच्या शाळेच्या फलकावर दात कसे घासावेत त्याचं चित्र आहे. ते मीच लावलं होतं.

१० मार्च, रविवार

ल्याओ नावाची दलालीण आम्हाला छिंगयुनच्या हद्दीत घरं दाखवायला घेऊन गेली. पन्नाशीची, काळा कोट, विजेची स्कूटर, तोंड बंद ठेवायचं तर पैसे मागेल अशी. मी बजावून गेले होते की मी फक्त बघायला आलेय.

पहिलं घर अकरा चौरस मीटरचं. पडद्यामागे संडास. खिडकी उघडली तर समोर भिंत, हात लावता येईल एवढ्यावर. मी विचारलं, इथे माणूस राहतो कसा? ल्याओ म्हणाली, “राहायचं कुठे आहे फांग बाई, नाव लावायचं.” आणि भाव असा सांगितला की मला खालीच बसावंसं वाटलं. पण बसायला जागा नव्हती.

दुसरं घर छिंगयुन गल्ली, नऊ नंबर, तळमजला, चौतीस चौरस मीटर. फाटकातलं तेंदूचं झाड बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की हे तर दादाचं घर! दादा गेल्यावर वहिनीनं ते विकलं आणि ती लेकीकडे गेली. त्यानंतर आज पाय लागला. ल्याओला म्हटलं, हे घर मी तुझ्याआधी पाहिलंय. तिनं लगेच लानला सांगितलं की बघा, घरानंच बोलावून घेतलं. अशा बायका दगडाला पाझर फोडतील.

आत फारसं बदललेलं नाही. खिडकीखाली पेईची घडीची कॉट असायची, तिथे आता धुण्याचं यंत्र आहे. खिडकीतून बसथांबा दिसतो. एकतीस नंबरची बस आजही तिथेच थांबते, आमच्या कालव्याकडून येते आणि परत जाते. पेई शाळेतून आला की त्या खिडकीत बसून बस मोजायचा, असं वहिनी सांगायची. आकड्यांचं वेड त्याला माझ्याकडूनच आलं. दर बुधवारी मी त्याच बसनं त्याला भेटायला यायचे. घरी कधी जायचं विचारायचा, मी शनिवारी म्हणायचे, आणि शनिवारी न्यायचेही.

लाननं भिंती मोजल्या, नळ सोडून बघितले. पेई मात्र आतच आला नाही. झाडाखाली उभा राहिला, चेहरा उतरलेला. काय झालं विचारलं तर म्हणाला, पोट दुखतंय. सकाळी बदकाच्या रक्ताच्या सुपात लाल मिरची ओतून प्यायला होता. या वयात एवढंही कळू नये माणसाला.

१४ मार्च

ल्याओच्या शब्दावर कोण विश्वास ठेवतो? इथे एका घरातून सहा वर्षांत एकाच घरचं मूल त्या शाळेत जाऊ शकतं. मागच्या मालकाच्या पोरानं ती जागा अडवून ठेवली असेल तर घर घेऊन नुसतं डोकं आपटायचं. गेल्या वर्षी लानच्या ओळखीतल्या एकीचं असंच झालं. घर घेतलं, नावं चढवली आणि शाळेनं सांगितलं, तीन वर्षांनी या.

म्हणून मी स्वतः पोलीस चौकीत गेले, मग शाळेच्या कचेरीत. ल्याओला खोटं पाडायचं होतं, एवढंच. मालकाचा मुलगा जुलैत सहावी पूर्ण करून बाहेर पडतोय, जागा मोकळी. चौकीतल्या नोंदवहीत त्याच्या आधीच्या पानावर दादाचं कुटुंब होतं, आणि त्यात पेईचं नाव, ‘भाचा’ म्हणून. कारकून म्हणाला, आजी, तुमच्या घरची ही दुसरी पिढी वाटतं. मी म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा.

लान म्हणाली, आई, तुम्ही एवढं केलंत. म्हटलं, मी काही केलेलं नाही. मी सही करणार नाही म्हणजे नाही.

२४ मार्च, रविवार

आज जेवताना पेई बोलला. महिनाभरात पहिल्यांदा आपणहून. म्हणाला, घर विकायचं नाही. मानमान पश्चिम कालव्यात जाईल, आजीच्या शाळेत, चालत, चार मिनिटांत. त्या खोलीत माझी मुलगी राहणार नाही.

लाननं काड्या खाली ठेवल्या. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी जिंकले होते. महिनाभर मी हेच तर ओरडत होते. आणि माझ्या तोंडून काय निघालं? “अरे, पण तिथे आता शिकवतं कोण?”

पेईनं वाटी खाली ठेवली. “तू म्हणतेस ना, शाळा चांगली आहे.”

म्हटलं, चांगली आहे, चांगली नाही असं नाही, पण चांगल्याचेही प्रकार असतात.

“मग मला का नाही घातलंस?”

मी म्हटलं, तुझ्या भल्यासाठी. तो म्हणाला, “माहीत आहे, आई. म्हणून तर विचारतोय.” मग उठला आणि सगळ्यांची भांडी घासायला घेतली. माझी वाटी भरलेली होती, तीही घेऊन गेला. 

आता इथे सरळ लिहिते. त्या वर्षी माझ्या वर्गात अठ्ठावन्न पोरं होती. दोन खिडक्यांना काचा नव्हत्या. मुख्याध्यापक दुपारी बाजारात पत्ते कुटायला जायचे. हे सगळं मला माहीत होतं, मी आतली होते. मग आतल्या माणसानं काय डोळे मिटून बसायचं? मी त्या अठ्ठावन्न पोरांना जीव तोडून शिकवलं. त्यांच्या आईबापांना सांगायचे, शाळा उत्तम आहे, काळजी करू नका. त्यांच्यासाठी ती पुरेशी होती आणि माझ्या

हे वाक्य नीट जमत नाही. राहू दे.

५ एप्रिल

आज पितरांचा सण, नवऱ्याच्या थडग्याची साफसफाई केली. तांदळाचे हिरवे गोळे ठेवले, त्याला आवडायची तशी बारीक सिगारेट पेटवून ठेवली आणि सांगून टाकलं की तुझं घर विकलं.

सही परवाच झाली. ल्याओ म्हणाली, बाई, शेवटी मन वळलं म्हणायचं. म्हटलं, लानच्या तोंडाला कंटाळून केली. वहीत तेच लिहिणार होते, पण इथे कोण वाचायला बसलंय. झालं ते असं. छिंगयुनच्या फलकावरचा तो शेवटचा प्रश्न मी मानमानला गंमत म्हणून घातला. सहा वर्षांची पोर. काजूचे दाणे मांडून तिनं अर्धा सोडवला. कुणी शिकवलं नव्हतं. मी तिच्याकडे बघत बसले आणि डोळ्यांपुढे ते दात घासायचं चित्र आलं. दुसऱ्या दिवशी मीच ल्याओला फोन केला.

पेईला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, घर तुझं, सही तुझी. त्याच्याशी भांडायची सोय नाही. वारा घालावा आणि पान हलू नये तसं होतं.

आमचं घर बाजारातल्या डुकराचं मटण विकणाऱ्या शाओनं घेतलं. बायको गरोदर आहे. त्याला शाळेशी घेणंदेणं नाही, दुकान जवळ पडतं म्हणून घेतलं. एवढ्या सगळ्यांत एक माणूस भेटला ज्यानं राहण्यासाठी घर घेतलं.

चौतीस मीटरांत चौघं मावत नाहीत. म्हणून पेई आणि लान दक्षिणेकडे त्याच्या कचेरीजवळ भाड्यानं राहणार, बसनं तासभर लांब. सोमवार ते शुक्रवार मी आणि मानमान खोलीत, शनिवारी त्यांच्याकडे. सोय चांगली आहे. लान रडली. आता रडते! नकाशा कुणी आणला होता?

२० एप्रिल

सामान हलवलं. नवऱ्याचं लिहायचं टेबल दारातून जाईना, शाओला दिलं. तो त्यावर मटण कापणार असेल. गच्चीतला मोगरा न्यायला जागा नाही, तोही राहिला. मानमाननं प्रत्येक खोलीच्या दारात उभं राहून टाटा केला, न्हाणीघरालासुद्धा.

चौकीत नोंद झाली. जुन्या पानावर दादा, वहिनी, भाचा पेई. आता नव्या पानावर मी आणि मानमान. शिक्का मारणारा तोच कारकून होता.  बाहेर चिनाराच्या झाडांची कुसं उडत होती, डोळ्यांना भारी चुरचुरलं.

१८ मे

आज नवा नकाशा लागला.

पश्चिम कालवा प्राथमिक शाळा सप्टेंबरपासून ‘छिंगयुन रस्ता शाळा, कालवा शाखा’. आमचं जुनं घर, जुनी गल्ली, भाजीबाजार, सगळं तांबडं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी मुद्दाम बघायला गेले. नवा पितळी फलक जुन्याच फाटकावर ठोकलाय. शिपाई तोच. आत शिक्षिका त्याच, तीन जणींना तर पाढे कसे शिकवायचे ते मीच शिकवलं होतं. दात घासायचं चित्र तेवढं काढलंय. आणि फाटकासमोर छिंगयुनच्या तोडीचे आजोबा-आज्या रांग लावून उभे, आत डोकावून बघतायत आणि माना डोलावतायत. कालपर्यंत हेच नाकाला रुमाल लावून जात होते. एका फलकानं कांद्याच्या पातीचा वास गेला.

ल्याओचा फोन आला. शाओला त्या घराचे दीडपट मिळतील म्हणाली, तो विकणार का विचारून बघू का? म्हटलं, विचार आणि मला कळवू नकोस. संध्याकाळी शाओ स्वतः आला, डुकराचे चार पाय घेऊन. म्हणाला, बाई, तुमच्या हाताला लक्ष्मी आहे. माणूस मनानं साधा, टोमणा मारत नव्हता. त्यामुळे जास्त लागलं.

लान आधी हसली, मग भिंतीकडे तोंड करून बसली. पेईनं पाय शिजवले, सोयाबीन घालून, मस्त झाले होते. मी म्हटलं, तुझी आई मूर्ख आहे असं एकदा म्हणून टाक. तो म्हणाला, गार होतंय, जेव.

२ सप्टेंबर, सोमवार

शाळेचा पहिला दिवस. वर्गात सेहेचाळीस मुलं. बाईंचं वय बावीस, अक्षर सुरेख. दप्तर घरी आणून काट्याला लावलं, दोन किलो दोनशे. वाढेल. फाटकात इतके फोन वर होते की मला माझी नात दिसेना.

मानमानला विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, सगळे हळू बोलतात.

४ सप्टेंबर, बुधवार

शाळा सुटून घरी आलो. तिला दूध दिलं, अभ्यास काढायला सांगितलं. मी भाजी निवडत होते. बराच वेळ आवाज नाही म्हणून बघितलं तर पोरगी धुण्याच्या यंत्रावर चढून खिडकीत बसलेली. काय करतेस? म्हणाली, एकतीस नंबर बघते. किती झाल्या विचारलं तर म्हणाली, नऊ. मला बरं वाटलं, म्हटलं, बापावर गेली.

मग तिनं मान न वळवता विचारलं, “आजी, आपण घरी कधी जायचं?”

“शनिवारी,” मी म्हटलं. विचार न करता. जिभेला सवय होती.

तिनं मान हलवली आणि पुन्हा बाहेर बघायला लागली. कुठल्या घरी, ते तिनं विचारलं नाही. मी भाजी निवडायला बसले, पण पानं टाकत होते आणि देठ ठेवत होते. ते लक्षात आल्यावर हात धुतले आणि पेईला कचेरीत फोन लावला. त्याला वाटलं मानमानला काही झालं. म्हटलं, काही नाही, ती खिडकीत बसून बस मोजतेय, तुझ्यासारखी. तू किती मोजायचास रे?

पलीकडे थोडा वेळ टंकनाचा आवाज येत राहिला. मग थांबला.

“मी मोजत नव्हतो, आई. कुठल्या बसमधून तू उतरतेस ते बघायचो.”

मी म्हटलं, मी तर बुधवारीच यायचे. तो म्हणाला, हो, माहीत होतं.

मग मी विचारलं, जेवलास का. तो हो म्हणाला. फोन ठेवला आणि स्टूल ओढून मानमानच्या शेजारी बसले. दहावी आली. तिच्यातून एक म्हातारा उतरला आणि एक बाई, छत्री घेतलेली. आम्ही दोघींनी नीट बघून घेतलं.